नोंदवहीत नसलेली बारा मिनिटं

घरी तिला ठमी म्हणत आणि कामावर मॅडम. दोन्ही नावांनी हाक मारणारा माणूस एकच होता, तिचा थोरला भाऊ. चारचौघांत तो न चुकता "मॅडम" म्हणायचा आणि दार लागलं की "काय गं ठमे". एकाच संस्थेत दोघं कामाला होते. दादा काचेच्या तारा ओढायचा आणि ठमी त्या तारांमधून प्रकाश सोडायची. सव्वीस वर्षं तो तारा ओढायच्या दोन मजली टॉवरवर होता; ती शिकून सवरून, पदव्या घेऊन, बऱ्याच उशिरा त्याच्या शेजारच्या इमारतीत आली होती.

दादाच्या तारा साध्या नसत. केसाहून जराशी जाड तार, तीही आतून पोकळ, आणि त्या पोकळीच्या कडेनं सात इवल्याशा नळ्या. त्या नळ्या एकमेकींना शिवता कामा नयेत. दादा म्हणायचा, "सात जावा एका घरात नांदवायच्या, आणि एकीचा धक्का दुसरीला लागू द्यायचा नाही. येरागबाळ्याचं काम नव्हे." आधी हाताएवढ्या लांबीच्या मोठ्या नळीत सात बारीक नळ्या तो हातानं रचायचा, मग ती जुळणी टॉवरच्या भट्टीत तापवून ओढायचा. वरचं अंतर चुकलं की खाली तारेतही चुकणारच.

त्या तारेत ठमी आर्गॉन वायू भरायची आणि एका टोकातून लेझरचे अतिशय तोकडे ठोके सोडायची. आत शिरताना प्रकाश एकाच रंगाचा, लालभडक. वायूतून धावता धावता तो ठोका आणखी आखडत जायचा, फुटायचा, आणि दुसऱ्या टोकातून सगळे रंग एकदम बाहेर पडायचे. त्यांच्याही पलीकडे, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश. तिला तोच हवा होता. औषधांची शुद्धता तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेलाही तोच हवा होता. त्यांची तीन माणसं सोळा दिवसांनी येणार होती, आणि त्यांची अट सरळ होती: हा प्रकाश सलग आठ तास, न ढळता चालवून दाखवा.

आणि तार अर्ध्या तासात मरत होती.

तारेचं पहिलं रीळ मेलं तेव्हा ठमीनं स्वतःच्या आरशांना दोष दिला. दुसरं मेलं तेव्हा लेझर उघडून बसली. तिसरं मेलं तेव्हा विभागप्रमुख दारात येऊन उभे राहिले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघून निघून गेले. चौथ्या रिळाचा तुकडा तिनं आधी कापून मायक्रोस्कोपखाली धरला. पडद्यावर तारेचं गोल तोंड उमटलं. सातांपैकी पाच नळ्या आपापल्या जागी. उरलेल्या दोन एकमेकींना चिकटून, गालाला गाल लावल्यासारख्या.

प्रकाश तिथूनच भिंतीत गळत होता आणि काच जाळत होता. दोष तिचा नव्हता. तिला हायसं वाटायला हवं होतं.

तेवढ्यात दादा आला. "काय मॅडम, कसं आहे आमचं लेकरू?"

"तूच बघ ना," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

तो पडद्याकडे वाकला, जवळ गेला, पुन्हा मागं झाला. डोळे बारीक केले. मग समाधानानं म्हणाला, "झकास आहे की. सातच्या सात."

चिकटलेल्या त्या दोन नळ्या पडद्यावर पेरूएवढ्या दिसत होत्या. शाळेतल्या पोरालाही दिसल्या असत्या. ती काहीतरी बोलायला गेली, पण त्याचा चेहरा इतका निर्धास्त होता की तिला तो मोडवेना. "हो," ती म्हणाली, "बघते लावून."

तो गेल्यावर ती कितीतरी वेळ त्या पडद्यासमोर बसून राहिली. मनात पाल चुकचुकली होती आणि ती काही केल्या गप्प होईना.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम टॉवरच्या इमारतीत गेली. नळ्या रचायच्या खोलीच्या दाराला काच होती. आत दादा नवी जुळणी करत होता. पूर्वी तो भिंग लावून, श्वास रोखून, नळी चिमट्यानं सरकवायचा. आता भिंग बाजूला पडलं होतं. मान वर, नजर कुठंतरी समोरच्या भिंतीवर, आणि उजव्या हाताची करंगळी नळीच्या कडेवरून हळूहळू फिरत होती. तो चाचपून अंतर मोजत होता. चाचपून तिजोरीचं कुलूप उघडणाऱ्या चोरासारखं ते दिसत होतं, फक्त इथं चोर आपल्याच घरात होता.

ठमी दार न उघडताच परतली.

त्या रविवारी ती दादाकडे जेवायला गेली. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. ठमीनं ताटं पुसता पुसता सहज विचारावं तसं विचारलं, "वहिनी, दादाची तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय," वहिनी म्हणाल्या. मग हात थांबवून, आवाज खाली आणून, "पण हल्ली विसरभोळे झालेत. परवा पेला टेबलाच्या काठावर ठेवला, अर्धा बाहेर. वर्तमानपत्र तर महिनोन्महिने उघडलं नाही. मला म्हणतात, तू मोठ्यानं वाच, ऐकायला बरं वाटतं. मी म्हटलं, अगं बाई, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय." त्या हसल्या. ठमीला हसता येईना.

कधीपासून, हे तिला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. शेवटी विचारलंच.

"झाले असतील सात-आठ महिने," वहिनी म्हणाल्या.

ठमीनं पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं. आठ महिने. आठ महिन्यांपूर्वी काय झालं होतं हे या जगात दोघांनाच माहीत होतं.

त्या दिवशी तिच्या प्रयोगात तारेचं टोक हलत होतं. अतिनीलचा आकडा पहिल्यांदाच पडद्यावर नीट दिसू लागला होता आणि ते टोक धरणारा चिमटा काही केल्या स्थिर राहीना. अख्ख्या संस्थेत दादाइतका स्थिर हात कुणाचा नव्हता. तिनं त्याला बोलावून घेतलं. यंत्रावरचं झाकण काढलेलं होतं. लेझर अगदी मंद ठेवला होता, म्हणून तिनं चष्म्याचा आग्रह धरला नाही. "दोनच मिनिटं धर" म्हणाली. दोनाची बारा झाली. नंतर तिच्या लक्षात आलं की चिमट्याच्या चकचकीत धातूवरून अतिनील प्रकाश सगळा वेळ त्याच्या चेहऱ्यावर उडत होता. न दिसणारा, न तापणारा. संध्याकाळी दादाचा फोन आला, "डोळ्यांत कुणीतरी वाळू भरल्यासारखं झालंय गं." तिला तेव्हाच कळलं होतं ते काय आहे. गार पाण्याच्या पट्ट्या ठेव, अंधारात पड, म्हणाली. दोन दिवसांत डोळे बरे झाले.

सुरक्षा नोंदवहीत तिनं ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर खोलीला कुलूप लागलं असतं, चौकशी झाली असती, आणि तिचा पहिला मोठा लेख तोंडाशी आलेला होता. दादाच म्हणाला होता, "कशाला लिहितेस? झालो की बरा." ते वाक्य तिनं तेव्हा आधाराला घेतलं होतं. आता तेच तिच्या अंगावर येत होतं.

जेवण कसंबसं उरकून तिनं दादाला बाहेर फिरायला काढलं. रस्त्यावर फारशी वर्दळ नव्हती. फूटपाथ संपत आला तसा दादाचा वेग कमी झाला आणि त्यानं पायानं कड चाचपली.

"दादा, तुला दिसत नाहीये."

तो थांबला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. त्या दिवशी पडद्यावर दोन नळ्या चिकटलेल्या होत्या. तू सातच्या सात म्हणालास."

त्यानं कडेवरचा पाय मागं घेतला. मग म्हणाला, "धुकं आहे गं. काचेवर वाफ धरावी तसं. दिव्यांना कडी दिसतात. वाटलं, जाईल आपोआप."

"सांगायचं नाही का?"

"कुणाला? सरांना? दुसऱ्या दिवशी टॉवरवरून उतरवून कोठीत बसवलं असतं, पावत्या फाडायला. सव्वीस वर्षं, ठमे. दुसरं मला येतं काय?"

तिला म्हणायचं होतं, दादा, हे कदाचित माझ्यामुळे झालंय. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण ती म्हणाली, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ." एवढंच.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ज्या गोष्टी ती विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवायची त्याच तिच्यापुढे फेर धरून नाचत होत्या: किती लांबीचा प्रकाश बुबुळाच्या पुढच्या पडद्यात अडतो, किती लांबीचा भिंगापर्यंत पोचतो, आणि लेझरचा मूळ लाल ठोका थेट आत, पाठच्या पडद्यावर जाऊन काय करतो. तो पडदा भाजला असेल तर दुरुस्ती नाही. ती बारा मिनिटं पुन्हा पुन्हा मोजत होती आणि दर वेळी बेरीज वेगळी येत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले आणि बाहुल्या पसरेपर्यंत बाहेर बसायला सांगितलं. अर्धा तास. दादा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. ठमी समोरच्या फरश्या मोजत होती. शेजारची एक बाई कुणालातरी फोनवर भाजीचा भाव सांगत होती आणि ठमीला त्या बाईचा अतोनात हेवा वाटला.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. "काम काय करता?"

"काच ओढतो. भट्टीवर."

"भट्टीत डोकावून बघावं लागतं?"

"लागतं. वितळलेल्या काचेचा थेंब सुटायची वेळ नजरेनंच कळते. काळी काच असते भोकावर, पण तिच्यातून नीट दिसत नाही म्हणून..." तो ओशाळला. "सरकवतो बाजूला."

"किती वर्षं?"

"सव्वीस."

त्यांनी मान हलवली. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तापलेल्या काचेपुढे आयुष्य काढणाऱ्यांना होतो तसा. दुसरा कुठला तीव्र प्रकाश डोळ्यांवर पडलाय का कधी?"

दादा लगेच म्हणाला, "नाही."

ठमीला वाटलं, हे "नाही" किती सोपं आहे. त्यावर गप्प बसलं की झालं.

"पडलाय," ती म्हणाली. "अतिनील. आठ महिन्यांपूर्वी, बारा मिनिटं, चष्म्याशिवाय. माझ्या खोलीत." आणि मग सगळं सांगितलं, लेझर किती मंद होता ते, चिमटा, वाळू, पट्ट्या. बोलताना तिनं दादाकडे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आतल्या पडद्याची तपासणी केली, या वेळी आणखी सावकाश.

"मागचा पडदा चांगला आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "भाजल्याची खूण नाही. तुम्ही सांगता तसं दोन दिवसांत बरं झालं असेल तर ते वरच्यावर निभावलं. हा मोतीबिंदू जुना आहे, वर्षानुवर्षांचा."

"म्हणजे त्या दिवसामुळे नाही?"

"बहुतेक नाही. पण त्यानं थोडी भर घातली की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. शस्त्रक्रिया होते, दिसायला लागेल. आधी उजवा, मग डावा."

जीव भांड्यात पडला, पण भांडं काही भरलं नाही. ते "बहुतेक" तिथं तळाशी खडखडत राहिलं.

बाहेर येताच दादा भडकला. बाहुल्या मोठ्या झालेल्या, डोळ्यांपुढे हात धरलेला, तरी आवाज चढलेला. "कुणी विचारलं होतं तुला मध्ये बोलायला? मी नाही म्हटलं होतं ना?"

"डॉक्टरांशी खोटं बोलायचं?"

"आता मी आजारी माणूस झालो आणि तू गुन्हेगार. काय मिळवलंस?"

"मी नोंदवहीतही लिहिणार आहे, दादा."

तो हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "जेव्हा लिहायचं तेव्हा लिहिलं नाहीस. तेव्हा तुझा लेख होता. आता तुझं मन हलकं करायला माझी नोकरी घालवणार. जा, लिही." रिक्षात दोघं दोन टोकांना बसले.

नोंदवहीत पान सापडायला वेळ लागला नाही. आठ महिन्यांपूर्वीच्या तारखेसमोर मोकळी जागा नव्हती, म्हणून तिनं आजच्या तारखेखाली लिहिलं. लिहून झाल्यावर वही घेऊन ती स्वतः प्रमुखांकडे गेली.

प्रमुखांनी वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाहुणे अकरा दिवसांनी येतायत. हे अकरा दिवसांनंतर सापडलं असतं तर चाललं नसतं का?"

"टॉवरच्या भट्टीवरची काळी काच गेली कित्येक वर्षं बाजूला सरकवलेली असते, सर. उद्या तिथं दुसरा माणूस उभा केला तर त्याचंही हेच होईल."

"मी भट्टीचं विचारत नाहीये."

"मी तेही सांगायला आलेय," ती म्हणाली.

जे व्हायचं ते झालं. तिच्या खोलीला कुलूप लागलं, एकोणीस दिवस. सुरक्षा समितीनं तिला दोनदा बोलावलं आणि तेच तेच विचारलं. तिला लेखी ताकीद मिळाली आणि सहा महिने लेझर एकटीनं चालवायची बंदी आली. दर वेळी कुणाची तरी सही लागणार. आपल्यापेक्षा बारा वर्षांनी लहान सहकाऱ्याकडे रोज सही मागायला जाताना तिचे कान तापायचे. औषधवाल्यांनी भेट पुढे ढकलली, पण किती पुढे ते कळवलं नाही. ती रोज पत्रांची पेटी उघडायची आणि रोज तिला वाटायचं, आज नकार आलेला असेल.

दादाला टॉवरवरून उतरवलंच. मात्र पावत्या फाडायला नाही बसवलं. प्रमुख करडे होते, पण वेडे नव्हते. नळ्या रचणारा दुसरा हात संस्थेत नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. शस्त्रक्रिया होईपर्यंत रजा, आणि भट्टीच्या भोकावर कॅमेरा बसवायचं ठरलं, म्हणजे थेंब पडद्यावर बघायचा. दादानं ते ऐकलं आणि वहिनींना म्हणाला, "आता भट्टीसुद्धा टीव्हीवर." ठमीशी तो बोलत नव्हता. निरोप वहिनींमार्फत यायचे. "ह्यांना म्हणावं, तुमच्या बहिणीला फोन करायला हात मोडलाय का," असं वहिनी ठमीलाच फोनवर, दादाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी ठमी दवाखान्याच्या जिन्यात बसून होती. वर जायचं धाडस होईना. पट्टी निघाल्यावर दादा पहिलं वाक्य काय बोलला ते तिला वहिनींकडून कळलं: "अरे बापरे, या भिंती पिवळ्या नाहीत, पांढऱ्या आहेत."

पाच आठवड्यांनी तो कामावर आला. आल्या दिवशी त्यानं जुन्या चार रिळांचे तुकडे मागवून घेतले, एकेक करून मायक्रोस्कोपखाली पाहिले आणि सगळे कचऱ्यात टाकले. मग भिंग लावून नवी जुळणी केली. त्याला चार दिवस लागले. तार ओढायच्या दिवशी तो कॅमेऱ्याच्या पडद्याला शिव्या घालत होता, पण भोकाकडे एकदाही गेला नाही. रीळ त्यानं शिपायाच्या हाती पाठवलं. सोबत चिठ्ठी नव्हती.

औषधवाल्यांचं पत्र आलं होतं: तिघं नाही, एकच बाई येतील, एकच दिवस.

त्या आल्या. मितभाषी, हातात घड्याळ आणि वही. सकाळी आठला सहकाऱ्यानं सही केली, ठमीनं झाकण बंद करून कुलूप घातलं आणि लेझर सुरू केला. पडद्यावर अतिनीलचा आकडा उमटला. तो स्थिर होता. एक तास, दोन तास, अर्ध्या तासाची ती जुनी मरणवेळ कधीच मागं पडली होती, तरी ठमी खुर्चीच्या काठावरच बसली होती. ती पाणीही प्यायली नाही. दुपारी दादा दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही, गेलाही नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी आकडा घसरू लागला.

आधी वाटलं भास आहे. मग शंभराचे सत्त्याण्णव झाले, त्र्याण्णव झाले. तार मरतेय, पुन्हा. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

"तार नाही ती," दारातून दादा म्हणाला. दोन महिन्यांत त्यानं तिच्याशी बोललेले पहिले शब्द. "तार मरते तेव्हा एकदम मरते. हे हळूहळू चाललंय. वायू बघ."

आर्गॉनच्या टाकीचा काटा तळाला आला होता. ताकीद, सह्या, चौकशा या सगळ्या गदारोळात टाकी बदलायचं कुणालाच सुचलं नव्हतं, तिलाही नाही. तिनं नवी टाकी जोडली. दाब वर आला तसा आकडा चढला आणि जागेवर येऊन थांबला.

"म्हणजे तार चांगली आहे," ठमी त्या बाईंना म्हणाली.

"असेल," बाई म्हणाल्या. "पण सलग नाही झालं. आठ तास सलग, असं ठरलंय." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, ठमीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि वहीचं पान उलटलं. "माझी गाडी उद्या संध्याकाळची आहे. सकाळी पुन्हा शून्यापासून सुरू करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत ती तार चालली. नऊ तास. आकडा इकडचा तिकडे झाला नाही. बाईंनी सही केली, "अहवाल पाठवते" म्हणाल्या आणि गाडी गाठायला निघून गेल्या. होकार आहे की नाही, त्यांच्या तोंडावरून काही कळलं नाही.

ठमीनं लेझर बंद केला, खोलीला कुलूप लावून किल्ली सहकाऱ्याकडे दिली. खाली आली तर दादा पायऱ्यांवर बसला होता. पुढच्या महिन्यात डाव्या डोळ्याची तारीख होती; तो डोळा मिटून उजव्यानं रस्त्यावरच्या पाट्या वाचत होता, मोठ्यानं, पोरासारखा.

ती शेजारी जाऊन बसली. "दादा..."

"माझा राग गेलेला नाही हं अजून," तो पाट्यांवरची नजर न काढता म्हणाला.

"माहीत आहे."

"आणखी पंधरा दिवस तरी राहील. जास्तही राहील."

"राहू दे."

"अहवालात नाही म्हणाले तर?"

"तर मग बघू," ती म्हणाली, पण तिच्याही डोक्यातून अहवाल जात नव्हता, आणि ते त्याला तिच्या आवाजातून कळलं. तो उठला, पँट झटकली. "चल, तुझी वहिनी वाट बघत असेल. जेवूनच जा," तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडताना, लहानपणी धरायचा तसा, त्यानं तिचा हात दंडाजवळ घट्ट धरला.